इन्स्टॉलर बनवताना अ‍ॅडमिनचा विचार आधी कर

पहिलंच एमएसआय पॅकेज (विंडोजची इन्स्टॉलर फाइल) करतोयस ना, मग स्क्रीन सजवण्यात वेळ घालवू नकोस. महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कांत प्रत्येक मशिनसमोर बसून कोणी ‘नेक्स्ट’ दाबत नाही. अ‍ॅडमिन एका कमांडने सगळीकडे सोडतो. त्याला निवड हवी असते: सर्व्हर टाकायचा की नुसता क्लायंट, सी ड्राइव्हवर की डीवर.

म्हणून फीचरची, म्हणजे सर्व्हर-क्लायंटसारख्या निवडता येणाऱ्या भागांची, नावं छोटी ठेव आणि पुढच्या आवृत्तीत बदलू नकोस. ‘अ‍ॅडलोकल’मध्ये (ADDLOCAL, कोणते भाग टाकायचे हे कमांडमध्ये सांगणारी प्रॉपर्टी) तीच टाइप करावी लागतात, लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकासकट. फोल्डरचा पाथ ज्यात ठेवतात त्या प्रॉपर्टीचं नाव मात्र पूर्ण कॅपिटलमध्येच हवं. त्यात एक जरी अक्षर लहान राहिलं, तरी विंडोज इन्स्टॉलर ती प्रायव्हेट, म्हणजे कमांडमधून न बदलता येणारी, धरतो आणि कमांडमधून दिलेला पाथ लागूच होत नाही. एररही येत नाही, म्हणून नवीन माणूस इथे हमखास अडकतो.

बदलणारा डेटा प्रोग्रॅम फाइल्समध्ये नको, प्रोग्रॅमडेटात ठेव.

मग कोऱ्या व्हर्च्युअल मशिनवर सायलेंट (स्क्रीन न दाखवता होणारं) इन्स्टॉल करून बघ, व्हर्बोज म्हणजे सविस्तर लॉगसकट. शेवटी 3010 हा रिटर्न कोड आला तर घाबरू नकोस, फक्त रीस्टार्ट बाकी आहे. 1603 आला, म्हणजे इन्स्टॉल फसलं, तर लॉगमध्ये ‘रिटर्न व्हॅल्यू 3’ शोध. खरी चूक बहुतेक वेळा त्याच्या जरा वरच सापडते.