बाईकचं पुढचं चाक परत बसवल्यापासून डिस्क ब्रेक घासतोय, चाक जड फिरतंय. कॅलिपर बदलावा लागेल का?

कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, बदलू नका; आधी फोर्कच्या (चाक धरणाऱ्या दोन पायांच्या) खालच्या टोकाला ॲक्सल, म्हणजे चाकाचा आस, आवळून धरणारा पिंच बोल्ट सैल करा. फोंड्याच्या गॅरेजमध्ये माझं रोजचं काम हेच आहे. चाक काढण्याआधी ब्रेक ठीक होता, म्हणजे चूक बहुतेक बसवण्यातच झालीय. गाडी स्टँडवर असतानाच पिंच बोल्ट आवळला की फोर्कचा तो पाय किंचित आत किंवा बाहेर ओढलेला राहतो, कॅलिपरही त्याच्याबरोबर सरकतो आणि पॅड डिस्कला चिकटून राहतो. म्हणून क्रम असा ठेवा: ॲक्सल आवळा, गाडी खाली घ्या, पुढचा ब्रेक दाबून हँडलवर भार देत फोर्क पाच-सहा वेळा खाली-वर करा, आणि मगच पिंच बोल्ट आवळा, तोही मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच). त्याआधी चाकाच्या दोन्ही बाजूंचे स्पेसर (ॲक्सलवरच्या छोट्या नळ्या) अदलाबदल झाले नाहीत ना, तेही बघा. पंक्चरवाल्याकडे ही अदलाबदल सहज होते. पॅडची अगदी हलकी सरसर चालते, पण थोडं फिरून आल्यावर डिस्कजवळ हात नेताच धग लागत असेल तर गाडी चालवू नका. एवढं करूनही चाक जडच फिरत असेल, तर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लायडर पिना सुकल्या किंवा गंजल्या असतील. आपल्याकडच्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात हे होतंच. त्या साफ करून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.