‘नर्स मला मारणार होती’ असं ते शपथेवर सांगतात

प्रश्न: माझे पती (वय 48) कोविडमुळे आयसीयूत होते, बरेच दिवस व्हेंटिलेटरवर. घरी येऊन तीन महिने झाले, रिपोर्ट नॉर्मल आहेत. पण रात्री दचकून उठतात. ‘नर्सनं मला बांधून ठेवलं होतं, ती मला मारणार होती,’ म्हणतात. अँब्युलन्सचा आवाज आला की उठून आतल्या खोलीत जातात. अकाउंट्सचं काम करणारा माणूस, साध्या बेरजा चुकतात. सासूबाई म्हणतात, जीव वाचला हे काय कमी आहे? यांना वेड लागतंय का? कामावर कधी पाठवू?

उत्तर: नाही, वेड लागलेलं नाही. व्हेंटिलेटरवर असताना गुंगीची औषधं, कमी झालेला ऑक्सिजन, मोडलेली झोप यांनी मेंदू भांबावतो. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. त्यात दिसलेलं काही वेळा स्वप्नासारखं विरून जात नाही, खऱ्या आठवणीसारखं मनात राहतं. शिवाय त्यात थोडं खरंही असू शकतं. रुग्णानं नळी ओढू नये म्हणून कधी कधी हात बांधावे लागतात. हात बांधलेले आहेत एवढंच त्यांना कळलं असेल, कशासाठी ते कळलं नसेल.

म्हणून ‘असं काही झालंच नाही’ असा वाद घालू नका. ‘तेव्हा फार घाबरला असाल ना?’ एवढंच विचारा आणि ऐका. त्यांची तयारी असेल तेव्हा डिस्चार्ज कार्ड घेऊन दोघं बसा. काही देशांत आयसीयूतल्या नर्स रुग्णासाठी डायरी लिहितात, मधले हरवलेले दिवस त्याला जोडता यावेत म्हणून. तुमच्याकडे डायरी नाही, पण त्या दिवसांत नातेवाइकांना पाठवलेले मेसेज फोनमध्ये असतील. नळी कधी काढली, पहिल्यांदा कधी बोलले, सगळं तारखेसकट सापडेल.

सासूबाईंना हेही सांगा: 2021 साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या मानसोपचाराच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात 2 लाख 36 हजारांहून अधिक कोविडरुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. सहा महिन्यांत सुमारे 34 टक्के जणांच्या नोंदीत मेंदूचा किंवा मनाचा एखादा आजार होता. आयसीयूत राहिलेल्यांत सुमारे 46 टक्के. काहींना तो आधीपासून होता, हे खरं. पण तुमचे पती एकटे नाहीत.

तीन महिने झालेत, आता वाट पाहू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. या धसक्यावर समुपदेशन आहे, औषधंही आहेत. सोबत थायरॉइड, बी12, हिमोग्लोबिन तपासलंय का ते विचारा, आणि स्टेरॉइड अजून चालू असेल तर तेही सांगा. त्यानं झोप आणि मनःस्थिती दोन्ही बिघडू शकतात. झोपेची गोळी परस्पर देऊ नका. ‘जगणं नको’ असं काही बोलले, तर सरळ विचारा, ‘मरायचे विचार येतात का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं, तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तुमच्या झोपेबद्दल पत्रात अक्षर नाही. आयसीयूबाहेर बसलेल्यांनाही हा धसका बसतो, तेव्हा त्याच डॉक्टरांशी स्वतःबद्दलही बोला.

कामाचं म्हणाल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं आधी अर्धा दिवस. एका दिवसाच्या कामानं पुढचे दोन दिवस अंथरुणात जात असतील, तर तास आणखी कमी करा, जोर लावू नका. आणि सुरुवातीला त्यांचे आकडे दुसऱ्या कुणीतरी तपासावेत, असं साहेबांना आधीच सांगून ठेवायला त्यांना सुचवा.