सिझरला पाठीत इंजेक्शन दिल्यानंतर डोकं दुखतंय, नस दुखावली असेल का?

बहुतेक वेळा नाही. माझ्या वहिनीचं जळगावला सिझर झालं तेव्हा तिसऱ्या दिवशी सेम झालं होतं, उठून बसली की डोकं फुटायचं अन् आडवी झाली की लगेच बरं, हीच त्याची खूण. सुईच्या बारीक छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपतं म्हणून होतं ते, अन् नस म्हणाल तर मुख्य मज्जारज्जू वरच कमरेच्या पहिल्या मणक्याजवळ संपतो, सुई त्याच्या खाली टोचतात. पाणी भरपूर, पॅरासिटामॉल, थोडा चहा-कॉफी, बहुतेकांचं आठ-पंधरा दिवसांत जातं, नाहीच गेलं तर पेशंटचंच रक्त पाठीत सोडून छिद्र बंद करतात, त्याला ब्लड पॅच म्हणतात. आमच्या खान्देशात आयाबाया जन्मभराची कंबरदुखी त्या सुईवरच ढकलतात, पण तसं काही सिद्ध झालेलं नाही, नऊ महिन्यांचं ओझं अन् वाकून दूध पाजणं कोणी मोजतच नाही.

पण पायातली ताकद परत आली नाही, लघवी अडली, ताप येऊन मान आखडली, डबल दिसायला लागलं किंवा झटका आला तर घरी थांबू नका, रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा. अन् आडवं पडूनही डोकं थांबत नसेल तर बीपी चेक करा, बाळंतपणानंतरही बीपी वाढतो.