वाचकांचे प्रश्न : मूळ पुरुषाचा शोध

प्रश्न : आमचे मूळ पुरुष दमाजीराव गायकवाडांबरोबर बडोद्यात आले, असे घरात सांगतात. मूळ गाव साताऱ्याकडचे, नाव कुणाला आठवत नाही. घरात एक मोडी सनद आहे, पणजोबांचा शाळेचा दाखला आहे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : दमाजीरावांना तूर्त बाजूला ठेवा. बडोदे 1734 मध्ये पुन्हा गायकवाडांकडे आले हे खरे, पण इथली बरीच मराठी घराणी त्यानंतर, काही तर थेट सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत (1875–1939) नोकरीसाठी आली. घरची गोष्ट मात्र सगळ्यांची एकच!

पणजोबांपासून मागे जा. बडोदे राज्यभर 1906 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, त्यामुळे शाळेचे जनरल रजिस्टर मिळाले तर पणजोबांच्या वडिलांचे नाव हाती लागते. त्यातली जन्मतारीख बहुधा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते, तिच्यावर विसंबू नका. मग वाड्याचे प्रॉपर्टी कार्ड, खरेदीखत, वाटणीपत्र बघा.

सनद जमिनीची असेल तर बारखळीचे, म्हणजे सारामाफीच्या इनाम जमिनींचे, कागद शोधा. इनाम पुढे चालवायचे तर वारसा सिद्ध करावा लागे, म्हणून अशा कागदांत वंशावळ सापडते. त्यात मुली नसतात, निर्वंश शाखा गाळलेल्या असतात, आणि दत्तक मुलाचे नाव बदललेले असते. बडोद्याच्या अभिलेखागारात अर्ज करताना गाव, महाल (तेव्हाचा तालुका), इनामदाराचे नाव आणि अंदाजे साल द्या. नुसत्या आडनावावर रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) सापडत नाही, कारण जुन्या कागदांत पुष्कळदा ‘राघो बल्लाळ’ एवढेच असते: स्वतःचे नाव, बापाचे नाव. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असल्याने ‘राघो बल्लाळ’ दोन पिढ्यांनी पुन्हा भेटतो. दोन कागदांत साठ वर्षांचे अंतर असेल तर तो बहुधा एकच माणूस नव्हे.

सनदेचे साल अरबी शब्दांत असेल, एकं आधी आणि हजार शेवटी. ‘अर्बा सलासीन मया व अलफ’ म्हणजे चार, तीस, शंभर, हजार : सुहूर (मराठी दप्तरातली अरबी नावाची कालगणना) 1134. त्यात 599 मिळवा, 1733 येते. वर्ष मृग नक्षत्र लागताना बदलते, म्हणून जानेवारी ते मेअखेरच्या कागदाला 600 मिळवायचे. गोंधळ होतो तो इथे : साल सौर, पण ‘छ 12 रबिलाखर’ (छ म्हणजे चंद्र, तारखेची खूण) मधला महिना हिजरी, म्हणजे चांद्र. फसली, म्हणजे महसुली, सालात 590–591 मिळवतात, शकात 78–79. कोणते साल आहे ते ठरवल्याशिवाय बेरीज करू नका.

मूळ गावासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा सर्वांत भरवशाचा मार्ग. उपाध्याय गाव आणि आडनावावरून ठरलेले असतात. गाव माहीत नसेल तर आडनाव, कुलदैवत, गोत्र सांगून विचारा, आणि साताऱ्याकडचे म्हणून चार-पाच गावांची यादी बरोबर न्या. नोंद सापडली की फक्त आपल्या पूर्वजाची ओळ उतरवू नका. त्याच पानावरचे भाऊ, चुलते, बरोबर आलेली माणसे सगळी उतरवा. एकाच नावाच्या दोघांतला आपला कोणता, हे त्यांच्यावरून ठरते.

प्रश्न : तीच सनद लॅमिनेट करून घ्यावी का?

उत्तर : मुळीच नको. उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक पुन्हा सुटत नाही. सेलोटेपही लावू नका. घड्या हलक्या हाताने उघडून आम्लरहित कागदात सपाट ठेवा. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, शेजारी पट्टी ठेवून काढा. मागची बाजूही घ्या, कारण कागद जोडून लांब केलेला असेल तर जोडावरचा शिक्का आणि दप्तरातले शेरे तिथेच असतात.