बर्फ वितळत नाही, उडतो

एरंडोलकडच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे: "धूमकेतू सूर्याजवळ आला की त्याच्यावरचा बर्फ वितळतो, असं मी वर्गात सांगतो. परवा एका मुलीने विचारलं, 'सर, मग ते पाणी कुठं जातं?' इथे 'वितळणे' चालेल का? नाहीतर कोणता शब्द? आणि धूमकेतूची 'शेपटी' म्हणावं की 'पुच्छ'?"

सर, चालणार नाही. त्या मुलीला पहिल्या बाकावर बसवा. बातम्यांतून हे 'वितळणारे धूमकेतू' ऐकून माझे कान किटले आहेत. वितळायचं तर मध्ये पाणी व्हावं लागतं, आणि पाणी पाणी म्हणून टिकायला वरून थोडा तरी दाब लागतो, निदान ६११ पास्कल. आपल्या हवेच्या दाबाचा हा शंभरावा भागही नाही. धूमकेतूवर तेवढाही नाही. त्यामुळे ऊन लागलं की बर्फाची थेट वाफ होते. जळगावच्या मे महिन्यात गोळेवाल्याच्या गाडीवरून टपटपणारं पाणी डोळ्यांसमोर ठेवून धूमकेतू शिकवला की चूक होणारच.

पाठ्यपुस्तकात याला शब्द आहे: संप्लवन. तो सगळ्यांना पाठ असतो, पण त्याचा अर्थ लावलेला माणूस मला अजून भेटला नाही. गीतेतला 'सर्वतः संप्लुतोदके' आठवा. संप्लुत म्हणजे चहूकडे भरून वाहणारं, पुराचं पाणी. पुराणांत 'आभूतसंप्लव' येतो, तो तर प्रलयच. आता गंमत बघा. ज्या क्रियेत पाण्याचा थेंब दिसत नाही, तिला आपण महापुराचं नाव देऊन बसलो आहोत!

पण थांबा. धातू 'प्लु'. त्याचा एक अर्थ तरंगणं, वाहणं, आणि दुसरा उडी मारणं. म्हणून संस्कृतात बेडकाला 'प्लव' म्हणतात, 'प्लवंगम'ही म्हणतात. (माकडालाही म्हणतात. त्याला तूर्त बाजूला ठेवू.) आणि व्याकरणवाल्यांकडे एक सुरेख शब्द आहे, मण्डूकप्लुति. पाणिनीच्या एका सूत्रातलं पद पुढच्या सूत्रांत चालत येतं. पण कधी कधी ते मधली सूत्रं सोडून एकदम पलीकडच्या सूत्रावर जाऊन बसतं. ही बेडकाची उडी. मधल्या जागेला पाय लागत नाही. स्थायूतून निघायचं, द्रवाला शिवायचं नाही आणि थेट वायूत उतरायचं, याचं याहून नेमकं वर्णन मला दाखवा. संप्लवन म्हणजे बर्फाची मण्डूकप्लुति. शब्द घडवणाऱ्यांच्या मनात हेच होतं असं माझं मत आहे. पुरावा मागाल तर माझ्याकडे फक्त धातू आहे.

माझी तक्रार 'सम्'बद्दल आहे. सम् म्हणजे एकत्र, सगळीकडून. उडीला तो कशाला? 'उत्' हवा होता, उत्प्लवन. यावर एका जाणत्याने मला सुनावलं की उत्प्लवन केलं तर हिंदीतल्या 'उत्प्लावन'शी गोंधळ होईल, तो पाण्याच्या वर ढकलणाऱ्या बलासाठी आहे. होऊ दे की! मराठीत आपण त्याला प्लावक बल म्हणतो. शेजाऱ्याच्या घरी कोणतं भांडं आहे ते पाहून आपण आपली भांडी फेकायची का?

आणि हिंदीचं कौतुक ऐकवणाऱ्यांना आणखी एक. हिंदीत संप्लवनाला 'ऊर्ध्वपातन' म्हणतात, आणि 'बघा, किती अर्थवाही' असं आपलेच लोक म्हणतात. हा शब्द रसशास्त्रातला आहे, म्हणजे पारा आणि धातूंची औषधं करायच्या जुन्या शास्त्रातला. पाऱ्यावर करायच्या संस्कारांत पातन येतं: ऊर्ध्वपातन, अधःपातन, तिर्यक्पातन. एका मडक्यावर दुसरं पालथं घालून सांधा लिंपायचा, खाली जाळ करायचा, पाऱ्याची वाफ वर चढते आणि वरच्या मडक्यात पुन्हा पारा होऊन बसते. पण पारा मुळात द्रव! द्रवाची वाफ करून ती पुन्हा द्रव करणं म्हणजे सरळ डिस्टिलेशन, आणि मराठीत आपण ऊर्ध्वपातन म्हणतो ते त्यालाच. म्हणजे तिथे उडी मारायला बेडूकच नाही.

आता खरी मजा. कोशातले शब्द ठेवा बाजूला. श्रावणात कानबाई बसवायच्या आदल्या दिवशी आजी कापराची डबी उघडायची आणि ती निम्मी रिकामी. 'कापूर उडी गया,' ती म्हणायची. म्हणून पुढे ती डबीत मिरीचे दाणे टाकू लागली. प्रमाण मराठीत आपण 'कापूर उडाला' म्हणतो, कपाटातल्या डांबरगोळ्याही उडतात. कोणी 'कापूर वितळला' म्हणतं का? घरात सगळे बरोबर बोलतात आणि शाळेत जाऊन चुकतात.

उडणे आणि उडी ही एकाच कुळातली. अहिराणीतल्या 'उडी गया'त तर उडी जशीच्या तशी बसली आहे. भाषाशास्त्राचे प्राध्यापक लगेच सांगतील की हे 'उडून गेला'चं साधं धातुसाधित रूप आहे, त्यात बेडूक शोधू नका. बरोबर आहे त्यांचं. मी तरीही शोधणार.

हा शब्द धूमकेतूला किती फिट बसतो ते पाहा. ६७पी चुर्युमोव-गेरासिमेंको हा धूमकेतू १९६९ मध्ये सापडला. युरोपचं रोझेटा यान त्याच्यापाशी ऑगस्ट २०१४ मध्ये पोचलं आणि दोन वर्षं सोबत राहिलं. पहिली गोष्ट, तो पांढरा नव्हताच. त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम सहा टक्के परत येतो, कोळशासारखा. बर्फ बहुतेक आत, वर धूळ आणि कार्बनी पदार्थांचं साल. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपलने १९५० मध्ये धूमकेतूंची जी कल्पना मांडली, ती 'मळका बर्फगोळा' म्हणून ओळखली जाते. रोझेटानंतर बरेच जण 'बर्फ मिसळलेला मातीगोळा' म्हणणं पसंत करतात. सालाखालचा बर्फ उडतो आणि उडता उडता वरची धूळ उडवतो. फुफाटाच. 'संप्लवन'चं असं प्रयोजक रूप करून दाखवा बरं! उडणे-उडवणे मात्र एका दमात येतं.

हा धूमकेतू स्वतःभोवती साधारण साडेबारा तासांत फिरतो. त्याच्या मानेसारख्या भागात, हापीमध्ये, सूर्य मावळला की वरचा थर झटकन गार पडतो, आतला थोडा वेळ ऊबदार राहतो. आतून वाफ येतच असते, ती गार पृष्ठभागावर अडकते आणि तिचा बर्फ होतो. सकाळी ऊन आलं की तो उडून जातो. आपल्या सातपुड्यात, अक्कलकुव्याकडच्या डाबला थंडीत दव गोठतं, तेव्हा पहाटे गवत असंच पांढरं दिसतं. फरक एवढाच की डाबचं दव उन्हात पाणी होऊन गवतावरून ओघळतं. तिथे ओघळायला काही नसतं.

१० जुलै २०१५ ला रोझेटाला धुळीचा एक मोठा फवारा दिसला. मागाहून कळलं की तो अस्वान नाव दिलेल्या कड्यापाशी उठला होता आणि तिथली दरड कोसळली होती. आतला ताजा, चकचकीत बर्फ उघडा पडला. गिरणेच्या काठाची दरड ढासळली की आतली ओली माती दिसते, तसं. पुढे तो बर्फही हळूहळू उडाला.

आणि बेडूक! रोझेटाने धूमकेतूवर सोडलेलं छोटं यान, फिली, १२ नोव्हेंबर २०१४ ला उतरलं, पण जमिनीत रुतायचे त्याचे भाले सुटलेच नाहीत. गुरुत्वाकर्षण नावापुरतं. ते उसळलं ते साधारण किलोमीटरभर उंच, आणि पुन्हा टेकायला जवळजवळ दोन तास लागले. मण्डूकप्लुति याहून ढळढळीत कुठे मिळणार? आपल्याकडे पाऊस लांबला की पोरं काठीला बेडूक बांधून दारोदार धोंडी मागत, पाणी मागत फिरायची. आणि मी इथे पाण्याला वगळणाऱ्या क्रियेचं नाव त्याच बेडकावरून सिद्ध करतो आहे. त्याने मला माफ करावं.

तर सर, वर्गात सांगा: बर्फ उडतो. परीक्षेत लिहायला संप्लवन, पण बेडकासकट.

शेपटी की पुच्छ हे राहिलंच. शेपटी म्हणा. कोणी पुच्छ लिहिलं तर गुण कापू नका.