'डिफेनेस्ट्रेट' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ काय? ते आलं कुठून? मराठीत त्याला शब्द आहे का?

सरळ अर्थ: एखाद्याला खिडकीतून बाहेर फेकणे. एवढ्याशा कामाला वेगळं क्रियापद कशाला हवं? पण प्रागच्या लोकांना ही खोडच होती. १४१९ मध्ये त्यांनी नगरसभेचे सभासद खिडकीतून फेकले होते. मग २३ मे १६१८ रोजी चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी तिथल्या किल्ल्यात कॅथलिक सम्राटाचे दोन कारभारी, स्लावाता आणि मार्टिनित्स, खाली लोटले. पाठोपाठ त्यांचा कारकून फाब्रिसियसही. सुमारे २० मीटर खाली पडूनही तिघे जगले. कॅथलिक म्हणाले, मेरीमातेनं झेललं. प्रोटेस्टंट म्हणाले, खाली उकिरडा होता! कारकुनाला पुढे सरदारकी मिळाली, तीही 'होहेनफाल' म्हणजे 'उंचावरून पडणं' या नावाची. इकडे मात्र युरोपात कॅथलिक-प्रोटेस्टंट वादातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं.

शब्दाची घडण लॅटिन. 'दे' म्हणजे खाली, बाहेर. 'फेनेस्ट्रा' म्हणजे खिडकी. जर्मन 'फेन्स्टर', इटालियन 'फिनेस्त्रा' त्यातलेच. स्पॅनिशमध्ये गंमत आहे. तिथे खिडकी 'वेंताना', वाऱ्यावरून (आपलं 'वातायन' आठवा). पोर्तुगीजमध्ये 'जानेला', म्हणजे मुळात छोटं दार. गोव्यातलं 'जनेल' तेच. तरी फेकायची वेळ आली की दोन्ही भाषा जुन्या लॅटिन खिडकीतूनच फेकतात: 'देफेनेस्त्रार'.

फ्रेंच बातम्यांत हे क्रियापद आजही शब्दशः येतं, खिडकीतून उडी मारून जीव देण्यासाठीसुद्धा. इटालियन आणि स्पॅनिशमध्ये मात्र त्याचा रोख बहुतेकदा खुर्चीवर असतो. मी इटालियन शिकत असताना एका फुटबॉल प्रशिक्षकाला 'देफेनेस्त्रातो' केल्याचा मथळा वाचला आणि बिचारा कितव्या मजल्यावरून पडला ते शोधत अख्खी बातमी वाचून काढली. त्याला फक्त नारळ दिला होता.

मराठीत खिडकीचं क्रियापद नाही, कारण आपल्याकडे कडे होते. 'कडेलोट' हा त्याचा सख्खा भाऊ: रायगडचं टकमक टोक त्यासाठीच ओळखलं जातं. आता 'संयमाचा कडेलोट' होतो, माणसाचा नाही. त्या प्रशिक्षकासाठी मात्र कडेलोट चालणार नाही. तिथे मी 'उचलबांगडी' लिहीन.