काजवा खाली बसला की विझतो

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीला शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत काजवा व्हायचंय. काळ्या झग्याच्या पोटावर कंडक्टिव्ह, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या, दोऱ्याने सहा पिवळट हिरवे एलईडी शिवले, टोपीवर दोन पांढरे. सगळे एकाच बटण सेलवर. पांढरे लागतच नाहीत आणि ती खाली बसली की हिरवेही विझतात. दोरा खराब निघाला का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, दोरा चांगला आहे. पिवळट हिरव्या दिव्याला साधारण २ व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला ३च्या आसपास लागतात. सगळे समांतर जोडले, म्हणजे सगळ्यांची धन टोकं एका दोऱ्यावर आणि ऋण टोकं दुसऱ्यावर, की हिरवे दिवे व्होल्टेज दोनाच्या जवळपासच धरून ठेवतात, ते पांढऱ्यांपुरतं चढतच नाही. माझं ऐकाल तर पांढरे काढूनच टाका. काजव्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पुरुषवाडी गावात पावसाच्या तोंडावर मी झाडंच्या झाडं लुकलुकताना पाहिली आहेत. काजव्याचा उजेड पोटाच्या टोकाला असतो, डोक्यावर नाही.

आता विझण्याचं. हा दोरा म्हणजे स्टीलचे बारीक तंतू. विजेच्या वायरीसारखं वरून प्लास्टिक नसतं. मूल बसलं की पोटावर घडी पडते, धन आणि ऋण दोरे एकमेकांना टेकतात, शॉर्ट होतो. माझ्या पहिल्या झग्यात गाठीचं लांब राहिलेलं एकच टोक शोधायला मला अख्खी दुपार लागली होती. दोन्ही धावदोऱ्यांत दोन बोटं अंतर ठेवा. ऋणाच्या दोऱ्यावर आतून-बाहेरून सुती पट्टी शिवा. गाठीची टोकं बुडापासून कातरा, वर नेलपॉलिशचा थेंब सोडा. एलईडीचा लांब पाय धन असतो. पकडीने त्याचं गोल वेटोळं करा आणि आखूड पायाचं चौकोनी, म्हणजे शिवताना उलटसुलट होणार नाही.

बटण सेल मात्र या झग्यात नकोच. लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, आणि घरात धाकटं भावंड असेल तर धोका आणखी मोठा. पेन्सिल सेल दोन, झाकणाला स्क्रू असलेल्या डबीत, कमरेमागच्या खिशात ठेवा. या सेलमधून वीज जास्त वाहते, म्हणून प्रत्येक दिव्याला १०० ओहमचा रोधक (वीज आवरणारा छोटा भाग, रेझिस्टर) लावा. डबीच्या वायरी धातूच्या टिचबटणांनी जोडल्या, तर झगा धुताना डबी सुटी करता येते.

आणि एक माझ्या आवडीचं. धनाची वायर मध्येच तोडून तिची दोन टोकं बाहीतून हातमोज्यात न्या. एक अंगठ्याच्या टोकाशी, एक तर्जनीच्या, आणि तिथे कंडक्टिव्ह दोऱ्याचे चार टाके घाला. चिमूट जुळली की दिवे लागतील, सुटली की विझतील. ३ व्होल्ट आहेत, बोटांना काही होत नाही. नर काजवे ठरावीक लयीत चमकतात. ती लय तिची तिला बसवू द्या.

दिव्यांवर पांढऱ्या नेटचा दुहेरी थर घ्या, ठिपक्यांऐवजी पोट उजळेल. रंगमंचाच्या झगझगाटात तेही दिसणार नाही, तेव्हा तिच्या पाळीला अर्धा मिनिट दिवे मालवाल का, असं बाईंना आजच विचारून ठेवा.